एआयला प्रतिवादीचा वकील केलं तेव्हा

कोर्टाची_पायरी (धागाकर्ती) · सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी २२ वर्षं दिवाणी वकिली करते आहे. वाटपाचे दावे, बांधाचे वाद, विहिरीचं पाणी, वहिवाटीचा रस्ता, बहुतेक कामं यातलीच. गेलं दीड वर्ष ऑफिसात एआय वापरते. आमच्या बार रूममध्ये यावर दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे त्याला हात लावू नका, अडकाल. दुसरं, सगळं तेच लिहून देतं, आता ज्युनियर कशाला ठेवायचा? मला दोन्ही पटत नाहीत. का पटत नाहीत ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

एका कामाचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि इथे लिहिण्याआधी अशिलांना विचारलं आहे.

अशील साठी उलटलेल्या बाई. लग्न १९८७ सालचं. वडील १९९९ मध्ये वारले. वारस फेरफारात, म्हणजे जमिनीच्या मालकीतला बदल नोंदवतात तिथे, दोन्ही भावांची नावं लागली, बाईंचं नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातसुद्धा नाही. आता वाटप मागायचं आहे.

सुरुवातीला मी एआयला सरळ प्रश्न टाकला: या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळेल का? उत्तर स्वच्छ मराठीत आलं. वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात नव्हते, म्हणून मुलींना मुलांइतका हक्क देणाऱ्या, हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीचा फायदा मिळणार नाही. आधाराला ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’. आता हा निवाडा खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयाचाच आहे, २०१५ चा. पण ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ मध्ये तो रद्दबातल ठरवला. मुलगी जन्माने सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हिस्सेदार आहे, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. नसलेला निवाडा पकडणं त्या मानाने सोपं, शोधायला गेलं की सापडतच नाही. असलेला पण मोडीत निघालेला निवाडा पकडायला कायदा आपल्याला यावा लागतो.

शिवाय आपल्या महाराष्ट्रात २२ जून १९९४ ची स्वतंत्र दुरुस्ती होती. त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना तिने वगळलं होतं. समोरचा वकील १९८७ चं लग्न दाखवून तोच धागा ओढणार हे उघड आहे. उत्तरात याचा मागमूसही नव्हता.

तेव्हापासून मी पद्धत उलटी केली. दावा मी स्वतः लिहिते. पूर्ण झाला की नावं, गट नंबर, गाव काढून टाकते आणि मसुदा त्याच्यापुढे ठेवते. सोबत एवढंच लिहिते: “तू प्रतिवादी भावांचा वकील आहेस. या दाव्यातले कच्चे दुवे काढ. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. निवाडे देऊ नकोस. मुद्दा सांग आणि मी कोणता कागद पाहायला हवा ते सांग.”

या कामात १४ मुद्दे आले. त्यातले ९ नुसती भर. हक्कसोड, मुदत आणि आवश्यक पक्षकार हे तीन मला माहीतच होते. दोन मुद्द्यांपाशी मात्र मी थांबले. पहिला असा: वारस नोंद झाल्यानंतर आणि २० डिसेंबर २००४ च्या आधी भावांमध्ये वाटणी झाल्याचा बचाव येऊ शकतो (त्या तारखेआधीच्या वाटणीला २००५ ची दुरुस्ती धक्का लावत नाही), त्या काळातले फेरफार पाहिलेत का? मी १९९९ चा वारस फेरफार पाहिला होता आणि आजचा सातबारा पाहिला होता. मधले पाहिले नव्हते. नकला काढल्या तर २००२ चा एक फेरफार निघाला: “खातेदारांनी तोंडी वाटप केल्याची वर्दी दिल्यावरून...” म्हणजे समोरच्याचा मुख्य बचाव माझ्या हातात दावा दाखल करण्याआधीच आला. तोंडी वाटपाचा बचाव सहसा मान्य करू नये, अपवाद म्हणून करायचा तर सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार लागेल, असं विनीता शर्मा निवाड्यातच आहे. आता दाव्यात त्यावर स्वतंत्र परिच्छेद आहे. दुसरा मुद्दा १९९३ साली थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावे झालेल्या खरेदीचा. ती जमीन एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून घेतली हे कशावरून? खरंच, कशावरून? बाईंना पुन्हा बोलावलं. त्यांना आठवलं की त्या वर्षी घरचे बैल आणि ऊस दोन्ही विकले होते. सोसायटीचा उतारा मागवला आहे.

मला म्हणायचं आहे ते इतकंच, की त्याच्याकडून उत्तर घेण्यापेक्षा आपल्या उत्तराची झाडाझडती घ्यायला त्याला बसवावं. तिथे ते चुकलं तरी आपलं नुकसान अर्ध्या तासाचं. उत्तर घेताना चुकलं तर नुकसान अशिलाचं.

याच कामात एक कागद अडला आहे. शके १८५२ चा, म्हणजे १९३०-३१ चा मोडीतला वाटणीचा कागद. अशिलांच्या आजोबांनी आणि त्यांच्या भावाने विहीर आणि माळाची जमीन सामाईक ठेवली, हिस्से आण्यांत लिहिले. मला मोडी येत नाही. नावं झाकून फोटो एआयला दिला, त्याने सलग मराठीत वाचून दिला. आजोबांचा हिस्सा आठ आणे, म्हणजे निम्मा. घरात सांगतात ती वंशावळही दोन भावांचीच आहे, त्यामुळे जुळलं, आणि मसुद्यात मी निम्मा धरला आहे. दावा अजून दाखल केलेला नाही.

तुमच्या कामात तुम्ही हे कसं वापरता आणि कुठे हात आखडता घेता, ते वाचायला आवडेल.

खिडकीजवळ · सोमवार, रात्री १०:०२

वकीलताई, उत्तम लिहिलंय. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. २०१५ चा निवाडा का आला त्याचं कारण सांगतो. हे यंत्र कायदा ‘पाहत’ नाही, वाचलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द जुळवतं. २०१५ ते २०२० या काळात त्या निवाड्यावर खूप लिहिलं गेलं असणार: लेख, प्रश्नोत्तरं, क्लासच्या नोट्स. निवाडा रद्दबातल झाला म्हणून ते लिखाण इंटरनेटवरून पुसलं जात नाही. प्रश्न ज्या शब्दांत विचाराल त्या शब्दांच्या जवळचा मजकूर वर येतो, आणि ‘वडील २००५ आधी वारले’ हे शब्द त्या जुन्या लिखाणात ठासून भरलेले आहेत.

एका बाबतीत मात्र मतभेद. “निवाडे देऊ नकोस” म्हणून तुम्ही त्याची अर्धी ताकद बांधून ठेवता. इंटरनेटवर शोध घेऊन दुव्यासकट उत्तर देणारी साधनं आहेत. दुवा उघडून तपासा, काम झालं.

नवा_कोट · सोमवार, रात्री १०:४०

दोन वर्षांपूर्वी सनद मिळाली, जिल्हा कोर्टात फौजदारी सीनियरकडे आहे. ताई, तुमच्या २०१५ च्या निवाड्याचं आमच्याकडचं भावंड म्हणजे कलम ४८२.

१ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करून घ्यायला तेच कलम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच अधिकार ५२८ मध्ये गेले, आणि ४८२ वर आला अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ मध्ये होता. म्हणजे आकडा दोन्हीकडे खरा, अर्थ पूर्ण वेगळा. मी अटकपूर्व जामिनाचा अर्ज एआयकडून करून घेतला. मथळ्यात नवीन संहितेचं ४८२ बरोबर, आणि आत तिसऱ्या परिच्छेदात “कलम ४८२ खालील अंगभूत अधिकार वापरून”. मथळा बरोबर दिसला म्हणून मी आत बारकाईने वाचलं नव्हतं. सीनियरनी पकडलं. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “हा परिच्छेद तू लिहिला असतास तर ही चूक झाली असती का?” नसती झाली.

त्यावरूनच माझा खरा प्रश्न. सीनियर सांगतात, ते जुनी दप्तरं नकलून शिकले. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) हाताने उतरवून काढताना कळायचं की अमुक वाक्य तिथे का आहे. मी आता तपासतो. पण जे मी कधी लिहिलंच नाही ते मला तपासता कसं येणार? दहा वर्षांनी माझ्यापुढे असाच मसुदा आला तर चूक माझ्या डोळ्यांना दिसेल का, याची मला मनापासून भीती वाटते.

कोर्टाची_पायरी · सोमवार, रात्री ११:१५

@खिडकीजवळ, दुवा तपासायची पद्धत बरोबर आहे आणि शोधासाठी मीही कधीकधी वापरते. पण तालुक्यात माझं काम कसं चालतं ते सांगते. सकाळी साडेदहाला बोर्ड, संध्याकाळी साडेपाचपर्यंत कोर्ट, त्यानंतर अशील. दमलेल्या माणसाला निळा दुवा दिसला की तो खराच वाटतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली ‘माटा विरुद्ध एव्हियांका’ प्रकरणात वकिलांनी सहा निवाडे दिले, एकही अस्तित्वात नव्हता, ५,००० डॉलर दंड झाला. ते वकील अननुभवी नव्हते. म्हणून मी नियम दमलेल्या दिवसासाठी बनवला. निवाडे मी माझ्या जर्नलमध्ये आणि न्यायालयाच्या संकेतस्थळावरच शोधते.

@नवा_कोट, तुमचा प्रश्न मला झोपू देणार नाही. माझ्या ऑफिसात दोन ज्युनियर आहेत. त्यांना सांगितलं आहे, पहिला मसुदा हाताने. कागदावर. मग हवं तर एआयकडून दुसरा करून घ्या आणि दोन्ही माझ्या टेबलावर ठेवा. ‘यात हे वाक्य आहे, तुझ्यात नाही, का?’ यावर आमची पाऊण तास चर्चा होते. वेळ वाचत नाही, उलट जास्त जातो. पण माझ्या सीनियरनी मला जे दप्तरांतून दिलं ते या पाऊण तासातून थोडंफार देता येतं असं वाटतं. हे पुरेसं आहे असा माझा दावा नाही.

आकडेमोड · मंगळवार, सकाळी ७:३०

सीए आहे. आमच्याकडे चूक दोन्ही बाजूंनी येते हे लक्षात ठेवा. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणी आदेश रद्द केला, त्यात खात्याने आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. तेव्हा नोटीस आली की तिच्यातले निवाडेही आता मी एकेक काढून पाहतो. पूर्वी असं कधी करत नव्हतो, खात्याने लिहिलंय म्हणजे असणारच असं धरायचो.

आणि नवा_कोट, तुमचं ४८२ आम्हालाही लागू. प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून, कलमांचे आकडे सगळे नवे. जुन्या वर्षांची प्रकरणं जुन्या कायद्याखाली चालू राहणार. पुढची काही वर्षं दोन्ही आकडे एकाच टेबलावर असणार आहेत.

एआयचा मला खरा उपयोग अशिलाला समजेल असं पत्र लिहायला होतो. व्यापाऱ्याला ‘रिव्हर्स चार्ज’ (जीएसटी विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरणं) समजावून सांगणारं अर्ध्या पानाचं पत्र. आकडा एकही त्याला काढू देत नाही, तो एक्सेलमधूनच.

निवृत्त_मंडळाधिकारी · मंगळवार, सकाळी ९:०५

मी महसूल खात्यातून निवृत्त आहे. गावातले लोक अजून अर्ज दाखवायला घरी येतात. हल्ली अर्ज मोबाईलवर बनवून आणतात. मला त्यात आनंद आहे, कारण पूर्वी कचेरीबाहेर अर्ज लिहून घ्यायलाही पैसे मोजावे लागत आणि लिहिणाऱ्याने काय लिहिलं ते अर्जदाराला कळायचं नाही. आता वाचून तरी दाखवता येतं.

पण गेल्या महिन्यात एका मुलाने फेरफारावर हरकत आणली. त्यात ‘खसरा क्रमांक’, ‘दाखिल खारिज’ आणि ‘पटवारी महोदय’. हे शब्द उत्तरेकडचे. आपल्याकडे गट नंबर, फेरफार, तलाठी. नुसते शब्द असते तर मी खोडून दिले असते. कायदाही तिकडचाच लावला होता, अपिलाची तरतूदही तिकडची. आपला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. कलम १५० ची नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत हरकत द्यायची, मग ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. त्याच्या हातात चार दिवस राहिले होते. समोर बसवून दहा ओळींचा अर्ज लिहायला लावला.

माझं सांगणं एवढंच की प्रश्न विचारताना राज्य, जिल्हा, कायद्याचं नाव आणि कागदावरचा शब्द जसाच्या तसा लिहावा. ‘जमिनीच्या नोंदीवर हरकत’ असं मोघम लिहिलं तर ते ज्या मुलखाबद्दल जास्त वाचलंय तिकडचं देतं.

डॉक्टर_तालुक्याचे · मंगळवार, दुपारी १:४०

घरी सोडतानाच्या सूचना मराठीत करून घेतो. गोळी, मात्रा, वेळ मी हाताने लिहितो. बाकी ‘पाय उशीवर ठेवा’ वगैरे त्याचं. एक शिकलो: छापायच्या आधी वॉर्डातल्या मावशींना वाचायला देतो. त्यांना कळलं तर पेशंटला कळेल.

पानोपानी · मंगळवार, संध्याकाळी ६:२०

धागा उत्साहाचा आहे, त्यात दुसरी बाजू नोंदवते. मी १७ वर्षं कायदेविषयक अनुवाद करते, इंग्रजी-मराठी. एका एजन्सीने गेल्या वर्षी सांगितलं, आता अनुवाद यंत्र करेल, तुम्ही फक्त तपासा, दर पानामागे निम्मा. ‘फक्त तपासा’ म्हणजे काय ते सांगते.

एका करारात ‘कन्सिडरेशन’ होतं. यंत्राने लिहिलं ‘विचार’. “सदर जमीन बारा लाख रुपयांच्या विचारापोटी...” कायद्यात तो ‘मोबदला’. ‘विदाउट प्रेज्युडिस’ चं केलं ‘पूर्वग्रहाशिवाय’, हवं होतं ‘हक्कांना बाध न येता’. ‘लीव्ह ग्रँटेड’ चं ‘रजा मंजूर’, अर्थ आहे अपील करण्यास परवानगी दिली. या चुका ढोबळ आहेत, दिसतात. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकांची. एका आदेशात ‘अनलेस’ ने सुरू होणारं लांब वाक्य होतं. यंत्राने त्याची सुंदर दोन वाक्यं केली आणि अट गायब झाली. मराठी इतकं ओघवतं की मूळ समोर धरून शब्द-शब्द लावल्याशिवाय कळलं नसतं. म्हणजे वेळ मूळ अनुवादाइतकाच, पैसे निम्मे, आणि खाली नाव माझं.

सर्वोच्च न्यायालयाचं ‘सुवास’ हे अनुवादाचं सॉफ्टवेअर २०१९ पासून आहे, त्यामुळे कायद्याच्या अनुवादात यंत्र नवीन नाही. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं. निष्कर्ष, आदेश किंवा निकाल ठरवायला एआय वापरायचं नाही, आणि यंत्राचा अनुवाद पात्र अनुवादकाने किंवा न्यायाधीशाने तपासायचा, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. मला ते वाचून बरं वाटलं, कारण ‘तपासणं’ हे पात्र माणसाचं काम आहे हे कुणीतरी लेखी मान्य केलं. आता त्या कामाची किंमतही कुणीतरी मान्य करावी.

ती एजन्सी मी सोडली. दोन वकिलांची आणि एका बँकेच्या पॅनेलची कामं थेट घेते. दराचं पत्रक पाठवते त्यात ‘यंत्राच्या मसुद्याची तपासणी’ आणि ‘अनुवाद’ या दोन्हींचा दर सारखाच आहे. कुणी विचारलं की हा ‘अनलेस’ चा किस्सा सांगते.

बांधावरून · मंगळवार, रात्री ८:१५

मी शेतकरी, कोर्टात एक दावा नऊ वर्षं चालू आहे, म्हणून वाचतोय. वकीलताई, राग मानू नका. यंत्राने काम लवकर होतं तर अशिलाची फी कमी का होऊ नये? आणि माझे कागद त्या यंत्रात घातले हे मला माझ्या वकिलाने सांगायला हवं की नको?

कोर्टाची_पायरी · मंगळवार, रात्री १०:३०

दादा, राग कसला, हाच प्रश्न अशिलांनी विचारायला हवा.

कागदांचं आधी. सांगायलाच हवं. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाऊ न देण्याची बांधिलकी भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३२ मध्ये आहे, आधी पुरावा कायद्यात १२६ होतं. ते यंत्र कुठल्या तरी परक्या कंपनीच्या संगणकावर चालतं. म्हणून माझ्या वकीलपत्रासोबत आता एक पान असतं, मराठीत: तुमचं नाव, आधार, गट नंबर, मूळ कागदाची प्रत मी एआयला देणार नाही, नावं काढलेला मसुदा तपासून घेऊ का, होय किंवा नाही. दोघांनी ‘नाही’ लिहिलं. त्यांची कामं मी पूर्वीसारखीच करते. मोडी कागद नावं झाकून दिला तोही विचारून.

फीचं प्रामाणिकपणे सांगते. दाव्याच्या कामात माझा वेळ वाचलेला नाही, कारण वाचलेला वेळ मधले फेरफार शोधण्यात गेला. तिथे फी तीच. पण साध्या नोटिसा, मुदतीचे अर्ज, भाडेकरार यांत वाचतो, आणि त्याची फी मी गेल्या वर्षापासून कमी केली आहे. सगळे वकील करतील असं नाही. तुम्ही तुमच्या वकिलांना विचारा, ही विचारण्यासारखी गोष्ट आहे.

@पानोपानी, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. आमच्या ऑफिसात इंग्रजी निकालाचा मराठी सारांश अशिलासाठी एआय करतं आणि मी वरवर पाहून देत होते. ‘अनलेस’ वाचल्यावर कालचे तीन सारांश परत काढले. एकात ‘खर्च भरल्यास’ ही अट सुटली होती. अशिलाला लगेच फोन केला. धन्यवाद हा शब्द अपुरा आहे.

मोडी_वाचक · बुधवार, सकाळी ६:५०

धागा उशिरा पाहिला. वकीलताई, तो शके १८५२ चा कागद. आठ आणे हे यंत्राने कशावरून वाचलं ते मला पाहायचं आहे. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून मग अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. माणूससुद्धा अर्धं अंदाजाने वाचतो, फरक इतकाच की अंदाज कुठे केला ते त्याला माहीत असतं आणि तो तिथे प्रश्नचिन्ह टाकतो. यंत्राने दिलेल्या वाचनात एक तरी प्रश्नचिन्ह आहे का?

आणि आणेवारी (आण्यांतले हिस्से) शब्दांत नसेल, चिन्हांत असेल, तर जास्तच जपा. जमल्यास फोटो व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवा, नावं झाकूनच. कागद सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, तिरपा नको.

कोर्टाची_पायरी · बुधवार, सकाळी १०:०५

पाठवला. प्रश्नचिन्ह एकही नाही. हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

खिडकीजवळ · बुधवार, दुपारी १२:३०

@मोडी_वाचक, त्याला सांगता येतं की खात्री नसलेला शब्द चौकटी कंसात टाक, सांगितलं की टाकतं. पण माझा अनुभव असा की नेमका ज्या शब्दाला कंस हवा असतो तो कंसाबाहेर राहतो.

ताई, काल रात्री तुमची पद्धत माझ्या कामाला लावून पाहिली. कोड मी लिहिला आणि त्याला फक्त म्हटलं की हा मोडून दाखव. रिकामी यादी आली तर काय, दोन माणसांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर काय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. निवाड्यांबद्दलचा माझा मुद्दा मी मागे घेतो. तुमचा दमलेल्या दिवसाचा नियम बरोबर आहे.

नवा_कोट · बुधवार, दुपारी २:१०

सीनियरना धागा वाचून दाखवला. आजपासून पहिला मसुदा कागदावर. पहिलाच जामीन अर्ज लिहायला दोन तास लागले आणि अर्ध्यात मला कळलं की एफआयआरमधली वेळ आणि पंचनाम्याची वेळ जुळत नाही. टाइप करून घेतला असता तर हे दिसलं नसतं, असं म्हणत नाही. पण काल दिसलं नव्हतं, आणि एफआयआर काल माझ्या हातातच होती.

मोडी_वाचक · बुधवार, रात्री ९:४५

वाचून झालं. पूर्ण लिप्यंतर व्यनिने पाठवलंय, सात ठिकाणी प्रश्नचिन्हं आहेत. हिश्शाच्या ओळीवर मात्र एकही नाही.

आजोबांचा हिस्सा आठ आणे नाही, पाच आणे चार पै आहे.

कसं ते सांगतो. जुन्या लेखनात उभा दंड म्हणजे चार आणे, दोन दंड म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. सुटे आणे आडव्या-तिरक्या रेघांनी. या कागदात एक उभा दंड आहे आणि त्याला लागून आण्याची एक रेघ, लिहिणाऱ्याने घाईत ओढलेली, जवळजवळ उभी. यंत्राने दोन दंड धरले आणि आठ आणे केले. पुढे ‘४ पै’ आहे, ते त्याने गाळलंच, कारण आठ आण्यांपुढे त्याला चार पै बसवता आले नसावेत.

मी पडताळा घेतला. १२ पै म्हणजे १ आणा. पाच आणे चार पै म्हणजे ६४ पै, सोळा आणे म्हणजे १९२ पै. बरोबर एक तृतीयांश. आणि कागदात तीच खूण तीन वेळा आली आहे, तीन झाकलेल्या नावांपुढे. तिसऱ्या नावाची ओळ दुमडीत गेली आहे, यंत्राच्या वाचनात ती नाहीच. भाऊ दोन नव्हते ताई, तीन होते.

कोर्टाची_पायरी · बुधवार, रात्री ११:२०

लिप्यंतर दोनदा वाचलं. हात थरथरला हे खरं. घरची वंशावळ दोन भावांची होती आणि यंत्राने निम्मा हिस्सा सांगितला. दोन्ही एकमेकांशी जुळले, म्हणून मी पुढे विचारलं नाही. ज्या कागदावर झाडाझडती घ्यायची तिथेच मी उत्तर घेतलं.

आत्ताच बाईंना फोन केला. तिसरे भाऊ कोण विचारलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, धाकटे आजोबा होते, तरुणपणी मुंबईला गिरणीत गेले, पुन्हा आले नाहीत, घरात कुणी नाव काढत नसे. लग्न झालं होतं का, मुलं होती का, त्यांना माहीत नाही.

दावा थांबवला आहे. उद्या सकाळी गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीपासून सुरुवात करते. @निवृत्त_मंडळाधिकारी काका, १९३० नंतरचे जुने फेरफार आणि हक्कनोंदणीची पत्रकं तालुक्याच्या अभिलेख कक्षात कोणत्या नावाखाली मागायची ते सांगाल का? आणि @मोडी_वाचक, तुमचं मानधन किती ते व्यनिने कळवा. या ओळीचं मोल मला माहीत आहे.

निवृत्त_मंडळाधिकारी · गुरुवार, सकाळी ७:१५

‘जुने हक्कनोंद, फेरफार पत्रक, मौजे अमुक’ असं लिहून नकलेचा अर्ज द्या. गट नंबर लिहू नका, तेव्हा गट नव्हते. एकत्रीकरणाआधीचा, म्हणजे तुकडे जोडून गट केले त्याआधीचा, सर्व्हे नंबर लागेल, तो गुणाकार बुकावरून किंवा एकत्रीकरणाच्या जबाबावरून मिळेल. कक्षात सकाळी लवकर जा, दुपारनंतर गठ्ठे काढून देत नाहीत. पानं ठिसूळ असतात, फोटो काढायची परवानगी अर्जातच मागा. आणि धाकट्या आजोबांचं नाव कागदावर मोडीत कसं लिहिलंय ते मोडीवाल्यांकडून अक्षरशः उतरवून सोबत न्या. नोंदवहीत ते तसंच शोधावं लागेल.